वालदेसेरालच्या थांब्याचा नकाशा

मी स्पेनमधल्या वालदेसेराल गावच्या नगरपालिकेतला रेल्वेचा नकाशा बोलतोय. सध्या माझं तोंड भिंतीकडे आहे, त्यामुळे आवाज जरा दबलेला वाटेल.

माझा जन्म माद्रिदमधल्या एका नियोजन कार्यालयात झाला. सगळा देश जलदगती रेल्वेनं जोडायचा, असा तो आराखडा होता. अंगावर लाल रेघा उमटल्या तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. सारागोसा शहराच्या अलीकडे एक लाल ठिपका होता आणि शेजारी नाव, वालदेसेराल.

अनसेल्मो नावाच्या अधिकाऱ्यानं मला चौकटीत बसवून गावात आणलं. सगळं गाव जमलं. तो म्हणाला, "जुनी गाडी बंद करायला संमती द्या. तिच्याच जागेवरून नवी लाइन जाईल. सारागोसा पंचवीस मिनिटांत!"

"थांबणार ना इथं?" एका म्हाताऱ्यानं दारातूनच विचारलं. "का नुसता वारा घालून जाणार?"

लोक हसले. अनसेल्मोही हसला. "आजोबा, हे बघा की. छापलंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांत हर्मिनिया होती. तिनं निम्म्या गावाला शाळेत शिकवलेलं, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या नवऱ्याला, फर्मीनला, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी सारागोसाला न्यावं लागे. जुन्या गाडीनं जायला दोन तास, यायला दोन तास. परतताना तो तिच्या खांद्यावर मान टाकून झोपायचा.

तिनं माझ्या काचेवर बोट ठेवलं. "नकाशात आहे म्हणजे आहे. आणा, मी सही करते."

तिच्यामागून सगळ्यांनी सह्या केल्या.

त्याच उन्हाळ्यात जुनी गाडी बंद झाली. आता बस होती, डोंगरातून तीन तास. वळणावळणाला फर्मीनला उलट्या व्हायच्या. कधी बसची वाट पाहत ती दोघं नगरपालिकेत माझ्यासमोरच्या बाकावर टेकत. ती म्हणायची, "थोडी कळ काढ रे. काम सुरू झालंय."

पाच वर्षांनी पहिली गाडी आली. गाव झेंडे, बँड आणि वाइनच्या बाटल्या घेऊन उभं होतं. गाडीनं वेगसुद्धा कमी केला नाही.

नगराध्यक्षांनी तिथूनच अनसेल्मोला फोन लावला. तो म्हणाला, "निधी देणाऱ्यांची अट आली हो. मोठ्या शहरांमधली मिनिटं वाचली तरच पैसा. तुमचा थांबा दुसऱ्या टप्प्यात."

"तो कधी?"

"त्याचं नियोजन अजून नाही."

हर्मिनिया मला मांडीवर घेऊन बसनं माद्रिदला गेली, दाद मागायला. नियोजन कार्यालयातल्या बाईंनी माझी चौकट उघडली. खालच्या लाकडाआड बारीक अक्षरांत एक ओळ दडली होती. बाईंनी ती मोठ्यानं वाचली, "हा नकाशा केवळ सूचक आहे. यातील थांबे बंधनकारक नाहीत."

माझ्याच अंगावरची ओळ! मला ठाऊक नव्हती. ज्यांनी मला छापलं, त्यांनीच ती छापली आणि वर लाकूड ठोकून मला गावासमोर उभं केलं.

परतताना तिनं मला मांडीवर घेतलं नाही. पायापाशी ठेवलं. "बत्तीस वर्षं पोरांना सांगत आले, शेवटपर्यंत वाचा," ती स्वतःशीच पुटपुटली.

गावानंही तिला सोडलं नाही. पाव घ्यायला गेली की कुणीतरी विचारायचं, "मावशी, तुमच्या नकाशातली गाडी किती वाजता?" ती पाव घेऊन निघून यायची. तिच्याच हाताखाली शिकलेली माणसं ती.

गेल्या वर्षी ती दोघं सारागोसाला इस्पितळाजवळच्या एका खोलीत राहायला गेली. निघण्याआधी तिनं मला इथं अडगळीत आणून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

मला पुन्हा टांगा असं मी म्हणत नाही. कागद आहे, पिवळा पडेन, संपेन. पण तुमच्यापैकी कुणी सारागोसाला गेलं, तर हर्मिनियामावशीला एवढं सांगा: जेवढं दिसत होतं, तेवढं तुम्ही शेवटपर्यंत वाचलं होतं.