जुन्या धाग्यांची शेपटं

"अगं, पुन्हा चुकलीस!" हे काका दिवसातून चाळीसदा म्हणत. पुतणी मागावर शिकायला येऊन चार महिने झाले होते, आणि काकांच्या मते सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं. आडव्या धाग्याचा धोटा फेकायची तो थेट जमिनीवर. वर सांगावं ते वहीत लिहायची. "हातानं शिक, वही काय चाटायचीय?" काका करवादायचे. पण त्यांचे गुडघे वर्षभर टिकले तरी खूप, आणि घरात दुसरं कुणी मागाकडे ढुंकून बघत नव्हतं. ही शिकली नाही, तर त्यांच्या घरची साडीच्या काठाची नक्षी संपलीच.

त्या दिवशी काका डॉक्टरांकडून आले, तर माग लख्ख! पुतणीनं विणून झालेलं कापड कापून घडी घातली होती आणि मागे उरलेले वीतभर धागे उपसून फणी ब्रशनं घासली होती.

"धागे कुठायत?"

"केरात. केवढा गुंता होता, काका!"

काकांनी रिकाम्या फणीवरून बोट फिरवलं. ती शेपटं काढायचीच नसतात. नव्या ताण्याचा एकेक उभा धागा जुन्याच्या टोकाला जोडायचा, की तो आपसूक मागावरच्या आपल्या दोरीच्या फाशातून, फणीच्या दातांतून जागेवर जातो. काकांच्या वडिलांनी बावीसशे धागे एकदा ओवले, त्यानंतर चाळीस वर्षं नुसती जोडाजोड.

"अक्कल काय गहाण टाकलीस? नक्षी त्या ओवण्यात होती!"

"मग पहिल्यापासून ओवू. दाखवा ना."

काका घडी घातलेलं कापड उगाच पुन्हा उलगडू लागले.

"काका?"

"येत नाही मला," ते खेकसले. "बाबा म्हणायचे, शिकून घे. मी म्हणायचो, उद्या."

 पुतणीनं पिशवीतून वही काढली. "पहिला महिनाभर तुम्ही मला मागाला हात लावू दिला नाहीत. नुसतं बसून काय करणार? कुठला धागा कुठल्या फाशात, सगळे मोजून लिहिले. म्हणून तर बिनधास्त काढले."

तिनं शिकाऊचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि ओवायची आकडी हातात दिली. काका बसले. ती वाचत गेली, ते ओवत गेले.

सातव्याच धाग्याला ती ओरडली, "अहो काका, पुन्हा चुकलात!"

काकांना भयंकर राग आला. त्याहून जास्त लाज वाटली. त्यांनी मुकाट्यानं धागा उपसला.

"परत वाच," ते म्हणाले. "आणि जरा सावकाश."