कारवीची अर्धी काडी

मी कारवीची काडी बोलतेय. काडी कसली, अर्धीच. उरलेली अर्धी इथेच दुसऱ्या पाकिटात पडली आहे. ती इतकी जवळ आहे, म्हणून मला चैन पडत नाही.

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मी घराच्या कुडात होते. एके दिवशी बुधाजी पंचानं मला उपसून काढलं. अंगणात नवसी आणि तिचा नवरा बारकू एकमेकांकडे पाठ करून बसले होते. तिला अंबरनाथला कंपनीत कामाला जायचं होतं, त्याला शेत सोडवत नव्हतं. समजावून समजावून पंच थकले. मग बुधाजीनं माझं एकेक टोक दोघांच्या हातात दिलं. कट् झालं, आणि लग्न सुटलं.

"आपापला तुकडा जपा," बुधाजी म्हणाला. "पन एकाला एक लावू नका. लागलं का सोडलेलं परत बांधलं जातं."

नवसीनं मला पदराच्या गाठीला बांधलं. अंबरनाथला तिच्या पत्र्याच्या पेटीत मी राहिले. पुढे विहारात पांढरी साडी नेसून तिनं आनंदाशी लग्न केलं. आनंदा वेल्डर होता. त्यानं एकदा मला पाहिलं, विचारलं, ऐकून घेतलं आणि होते तिथं ठेवून दिलं.

आनंदा कामासाठी कॅनडाला गेला, तिथे कायमचं राहायला पक्का झाला आणि नवसीला तिकडे न्यायला त्यानं अर्ज केला. अर्जात विचारलं होतं, आधी लग्न झालं होतं का?

उल्हासनगर कॅम्प दोनचा एजंट म्हणाला, "नहीं लिख दो बहेन. उधर कौन देखने बैठा है?"

"नाही कसं लिहू? चार पंचांत मोडलंय, चोरून नाय."

तिनं खरं लिहिलं. वकिलातीतून उत्तर आलं की घटस्फोटाचा कोर्टाचा कागद दाखवा. तो नसेल तर पहिलं लग्न अजून चालू धरावं लागेल, आणि आनंदाबरोबरचं मोजता येणार नाही.

त्या दिवसापासून नवसी येता-जाता पेटी उघडायची, मला बघायची, परत झाकण लावायची. आनंदा फोनवर म्हणाला, "नवसे, खोटं लिहिलं असतंस तर एव्हाना इथे असतीस."

"आणि तिथं रोज दारावर टकटक झाली की घाबरले असते," ती म्हणाली.

पंचांनी मोडलं ते मोडलंच, असं कोर्टानं लिहून द्यावं म्हणून कल्याणच्या कोर्टात दावा लागला. बारकू आपला तुकडा घेऊन आला. हिला सोडली, असं त्यानं सरळ सांगितलं. पण नवसीचा वकील हुशार. तो म्हणाला, "दोन्ही तुकडे जुळवून दाखवू, साहेब. म्हणजे शंकाच उरणार नाही."

कारकुनानं आम्हाला उचललं. इतक्या वर्षांनी माझ्या दुसऱ्या अर्धीची तुटकी कड माझ्यासमोर आली. माझा एकेक धागा तिच्यात बसणार होता.

"नका," नवसी आणि बारकू एकदमच ओरडले.

न्यायाधीशांनी वर पाहिलं. "का?"

"जोडली तर ही परत माझी बायको व्हईल साहेब," बारकू म्हणाला. "घरी आता दुसरी बायको हाय, तानी. ती मला उंबऱ्याच्या आत घेईल का?"

कोर्ट हसलं. नवसी हसली नाही. पुढे होऊन तिनं आम्हा दोघींच्या मधे आपले दोन्ही हात आडवे धरले. न्यायाधीश तिच्या हातांकडे बघत राहिले.

"ठेवा खाली," ते कारकुनाला म्हणाले. "जे मोडलंच नाही, ते जुळेल म्हणून कोणी इतकं घाबरत नाही."

निकाल तिच्या बाजूनं लागला. व्हिसा आला. जाण्याआधी नवसी मला मागायला आली, पण पुरावा परत देता येईना. "भाऊ, या दोघींना लांब ठेवा," तिनं विनवलं. कारकून हो म्हणाला, आणि त्यानं दोन्ही पाकिटं एकाच दोऱ्यात बांधली.

आता कसरीनं माझं पाकीट कुरतडलं आहे. भोकातून मला तिचं टोक दिसतं. कधी तुम्ही कोर्टाचं हे दप्तर उघडलंत, तर आमच्या मधे एखादा जाड कागद सरकवा. दूर तिकडे नवसीचा संसार चालू आहे.