अर्थिंगची तार

"टक्."

पुन्हा तेवढंच. ठमीने किल्ली मागे फिरवली, स्टिअरिंगवर तळवा आपटला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अण्णा, काय झालंय हो हिला?"

तिचे वडील उघड्या बॉनेटजवळ उभे होते. चौतीस वर्षं त्यांनी बस डेपोत इंजिनं खोलली आणि बसवली. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणे. मागच्या सीटवर दोन बॅगा, गुंडाळलेली गादी आणि इस्त्रीचे कपडे होते. दोनशे किलोमीटरवरच्या इस्पितळात ठमीला मुख्य परिचारिकेची जागा मिळाली होती. आज दुपारी तीनच्या आत हजर झाली नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. सकाळची बस केव्हाच निघून गेली होती.

गाडीच्या दिव्यांचा उजेड समोरच्या सावलीतल्या भिंतीवर पडला होता. टक् झालं तेव्हा तो जरासुद्धा मंदावला नाही. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची जाड तार गंजली असणार. फार तर दहा मिनिटांचं काम. मिस्त्रींना हे पहिल्याच फटक्यात कळलं होतं. सांगायला म्हणून त्यांनी तोंडही उघडलं.

"बॅटरीची टर्मिनलं साफ कर," ते म्हणाले.

ठमी पदर खोचून कामाला लागली. मिस्त्रींचे स्वतःचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. पाना बोल्टवर बसायच्या आधीच घसरायचा. रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणंही ठमीच लावायची. उद्यापासून ते काम शेजारच्या मावशी करणार होत्या.

टर्मिनलं लखलखीत झाली. "टक्."

"आता फ्यूज बघ."

फ्यूज एकेक करून उपसले, पुसले, परत बसवले. "टक्." मिस्त्री फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांचा पाय एका जागी ठरेना.

"ढकलून बघू या का? समोरच्या घरातल्या दोघांना हाक मारते."

"आणि मध्येच बंद पडली म्हणजे? एकटी बाई, कुठे आडरस्त्याला उभी राहशील?" हे मात्र खरंच होतं, म्हणून ते जरा जोरात म्हणाले. "स्टार्टरची वायर हलवून बघ."

साडेआठचे साडेनऊ झाले. ठमीने घाम पुसला तसा कपाळावर काळा पट्टा उमटला. तिच्या कानामागचे केस पांढरे झालेले मिस्त्रींनी आज पहिल्यांदाच नीट पाहिले. सहा वर्षांपूर्वीही तिला अशीच एक जागा चालून आली होती. तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळलेली. आईने फक्त "जातेस होय गं?" एवढंच विचारलं होतं. ठमी गेली नाही, आणि त्या गोष्टीचा तिने पुन्हा कधी उच्चारही केला नाही.

तिचा फोन वाजला. इस्पितळातून होता.

"हो मॅडम, निघतेच आहे. गाडी जरा अडलीय... नाही नाही, जागा कोणाला देऊ नका. माझे वडील बघतायत ना. त्यांनी बघितलं आणि गाडी चालू झाली नाही, असं आजवर झालेलंच नाही."

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. भिंतीच्या कडेला जाऊन उगाच खाकरले. मग परत आले आणि बॉनेटमध्ये वाकून बोट दाखवलं. बोट थरथरत होतं, पण जागा अचूक होती.

"इथे खाली बघ. जाड तार आहे. बोल्ट सोडव, तारेचं टोक आणि पत्रा दोन्ही पॉलिशपेपरने घास. चांगलं चकचकीत होईपर्यंत घास."

ठमीने घासलं. बोल्ट आवळला. किल्ली फिरवली, आणि इंजिन एका दमात सुरू झालं.

ती लगेच बाहेर आली नाही. थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसली. मग उतरली, पाना पेटीत टाकला, आणि तोही जरा आपटूनच.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"मी जाऊ नये असं वाटत होतं, तर सरळ सांगायचं होतं ना अण्णा!"

"सांगितलं असतं, तर थांबली असतीस."

 ठमीने नळावर हात धुतले, कपाळ पुसलं.

"मावशी अकराला येतील. गोळ्या जेवणानंतर. आधी नाही."

"माहीत आहे."

"मला राग आलाय तुमचा."

"येऊ दे. फक्त रागाच्या भरात गाडी हाकू नकोस. आणि वाटेत इंजिन बंद करू नकोस, थेट तिथे जाऊनच कर."

"डिझेल भरताना?"

"तेव्हा कर. आता धरेल ती तार."

गाडी मागे घेताना तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. राग होताच, पण काच खाली करून ती म्हणाली, "पोचले की फोन करते. उचला."

गाडी वळणाआड गेली. मिस्त्री फाटकाशी मान कलती करून उभे राहिले. दुसरा गिअर पडला. तिसरा. चौकापलीकडे रस्ता मोकळा होता, तिथे चौथा पडायला हवा होता. तेवढ्यात शेजारी कोणीतरी बादलीत नळ सोडला, आणि त्या पाण्याच्या आवाजात गाडीचा आवाज नेमका कुठे संपला, ते त्यांना कळलं नाही.