सातव्या महिन्याच्या मापाचं चिलखत

मित्रांनो, मी एक जुना पोशाख आहे. नीट सांगायचं तर चिलखत. पण तलवारीचा वार मी कधी झेलला नाही आणि लोखंडाचा माझ्यात कणही नाही. ज्या फोमच्या चटईवर लोक व्यायाम करतात, त्याच फोमचा मी. कापलं, तापवलं, वाकवलं, तरी मला दुखत नाही. त्यामुळे माझ्या घरात जे घडलं ते मी जसंच्या तसं सांगू शकतो.

मला घडवणारी बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांनाही सोंगं सजवायचा भारी नाद. दरवर्षी एका मोठ्या सभागृहात वेषभूषांचा मेळा भरे. कुणी राक्षस होऊन येई, कुणी यंत्रमानव. त्या वर्षी मेळ्याच्या सुमाराला बाईला सातवा महिना लागणार होता.

"वहिनी, या वर्षी गप घरी बस," नणंद म्हणाली. ही नवऱ्याची धाकटी बहीण. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि जीव मात्र वहिनीवर.

"का म्हणून? या वर्षी तर आम्ही दोघं जाणार, एका तिकिटात!"

माझा नमुना बाईनं संगणकावरून उतरवून घेतला. पानं छापायची, कडा जुळवून चिकटवायची, की छाती, पाठ, खांदे असे कागदी तुकडे तयार होतात. पहिल्याच खेपेला फजिती झाली. प्रिंटरनं आगाऊपणा करून सगळं कागदात मावेल एवढं आखडून टाकलं. नवऱ्यानं छातीचा तुकडा स्वतःच्या गुडघ्यावर धरला.

"वा! मांजराला अगदी मापात."

पानाच्या कोपऱ्यात मापाचा एक चौकोन छापलेला असतो. तो पट्टीनं मोजल्याशिवाय पुढचं पान छापायचं नाही, हे तेव्हापासून ठरलं.

खरी पंचाईत पोटाची होती. नमुना आखणाऱ्यानं सपाट पोटाचा शिपाई मनात धरलेला. सगळाच नमुना मोठा केला, तर पोट मावे, पण खांदे दारात अडकतील एवढे होत. शिवाय बाईचं पोट अजून तेवढं वाढलंही नव्हतं. मग तिनं पोटाला उशी बांधली आणि नणंदेला विचारलं, "तुझं सातव्यात केवढं होतं गं?"

"एवढं. थांब, खाली घे जरा. अगं, बाळ काय गळ्यात असतं का?"

नवऱ्यानं उशीसकट तिला पातळ प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर चिकटपट्टी लावली, पेनानं रेघा मारल्या आणि कात्रीनं ते कवच सोलून काढलं.

"हलू नकोस."

"मग हसवू नकोस."

त्या कवचावरून पोटाचा तुकडा वेगळा बेतला. बाकी नमुना नेहमीच्याच मापाचा ठेवला. आधी पुठ्ठ्याचा घालून पाहिला, मग फोमला कटर लावला. कडा तिरक्या तासल्या, गरम हवेनं गोलाई दिली, काळा रंग दिला आणि त्यावर चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवला. पोटाच्या जागी आतून तिनं मऊ कापड लावलं.

"बाहेरून कुणाला दिसणार आहे ते?" नवरा म्हणाला.

"आतल्याला दिसेल ना."

मला पाहून नणंदेनं टाळ्या पिटल्या. माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच कौतुक. मला लाकडी पुतळ्यावर चढवून खिडकीपाशी उभं केलं गेलं.

मेळा अजून लांब होता. एका दुपारी बाईला दुकानातूनच दवाखान्यात नेलं. काही दिवसांनी दोघं परत आली. दोघंच. बाळ पोटातच गेलं होतं.

मित्रांनो, अशा घरात रडारड असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही नव्हतं. बाई पुन्हा कामावर जाऊ लागली. घरी आली की चप्पल काढून तिथंच पाटावर बसे, दिवा लावायचंही सुचत नसे. दूध उतू जाई आणि ती समोर उभी राहून बघत राही. नवरा घरातले नळ खोलून पुन्हा बसवी, गळत नसलेलेसुद्धा. "जेवलीस?" "हो." "येतो." "बरं." एवढंच बोलणं. खिडकीपाशी मी पोट पुढं काढून उभा होतो. येताजाता दोघंही मला वळसा घालून जात. शेवटी नवऱ्यानं माझ्यावर एक चादर टाकली. चादरीखालीही पोट दिसतच होतं.

एकदा नणंद आली. त्या दिवशी ती फारशी बोलली नाही. जाताना दारात हळूच म्हणाली, "दादा, ते आधी घरातून हलव. तिला कसं बघवत असेल?"

ते नवऱ्यानं मनावर घेतलं. मला टाकून द्यायचा मात्र त्याला धीर होईना. सुट्टीच्या दिवशी बाई बाहेर गेल्यावर त्यानं जुना नमुना काढला, पोटाचा मूळचा सपाट तुकडा छापला, कोपऱ्यातला चौकोन मोजला आणि नवीन फोम कापला. मग मला जमिनीवर आडवं घालून माझ्या कुशीच्या सांध्यावर कटर चालवू लागला. सांधा अर्धा उसवला, एवढ्यात दार उघडलं.

"काय करतोयस?"

"मापाचं करतोय."

"कुणाच्या?"

"तुझ्या. आताच्या."

बाई आत आली. पिशवी खाली ठेवायचं तिला भान नव्हतं. "हे माझ्याच मापाचं होतं," ती म्हणाली.

त्यानं कटर मिटलं. "मला बघवत नाही गं."

"मलाही नाही. पण कापू नकोस."

तिनं पिशवी ठेवली, फोम चिकटवायच्या सोल्यूशनची डबी आणली आणि माझ्यापाशी बसली. उसवलेल्या दोन्ही कडांना तिनं पातळ हात दिला. हे सोल्यूशन लावल्या लावल्या चिकटवून चालत नाही. दोन्ही बाजू जरा सुकू द्याव्या लागतात. घाई केली की सांधा सुटतो. म्हणून दोघांना तिथंच बसून राहावं लागलं. इतक्या दिवसांत ती दोघं अशी शेजारी बसलीच नव्हती.

मग नवरा म्हणाला, "मी पाहिलं होतं."

"काय?"

"बाळाला. तू गुंगीत होतीस. नर्सनं विचारलं, बघायचंय का. मी हो म्हणालो."

बाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणीच पाहिलं नाही."

"मी पाहिलं. हातात घेतलं. मुलगी होती, ते तुला सांगितलंय त्यांनी. कान तुझे होते. वरून जरासे दुमडलेले."

बाईचा हात कानाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, सांगितलं तर तू मोडशील."

"डोळे?"

"मिटलेले."

तिला रडू आलं नाही. त्यालाही नाही. तिनं बोटाच्या पाठीनं सोल्यूशन चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "वाळलं. धर." त्यानं कडा जुळवल्या, तिनं दाबून धरल्या. माझ्या कुशीत अजून तो वण आहे. त्याच्यावर रंग द्यायला ती विसरली, की तिनं मुद्दाम दिला नाही, ते मला कळलेलं नाही.

त्या वर्षी ती दोघं मेळ्याला गेली नाहीत. पुढच्या वर्षी गेली. बाईनं मला अंगावर चढवलं. उशी नाही, काही नाही. पोटाची जागा रिकामीच. नवऱ्यानं मागचे पट्टे आवळले. रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका चिमुरडीनं वळून माझ्यावर टकटक केलं.

"आत कोण आहे?"

नवऱ्यानं तोंड उघडलं, पण बाईच बोलली. "आता कुणी नाही."

"मग आधी होतं?"

"हो. माझी मुलगी होती."

"बरं," ती पोरगी म्हणाली आणि पुढं सरकली. रांगही सरकली.

त्यांच्या घरी पुढं मूल आलं का, असं तुम्ही विचाराल. नाही आलं. दोघांचं मात्र एकमेकांशी बोलणं सुरू झालं. कधी भांडण, कधी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे किस्से. मी आता माळ्यावर असतो. माझा रंग तडकलाय, पट्टे कडक झालेत. कधीतरी दोघं मला खाली काढून पुसतात आणि परत ठेवतात. माझ्यावर दुसरं सामान रचू देत नाहीत, कारण फोम एकदा चेपला की पूर्ववत होत नाही.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. आपल्या माणसाची एखादी वस्तू त्याच्या भल्यासाठी म्हणून कापायला, फेकायला निघालात, तर आधी त्याला विचारा. आणि तुम्ही काही पाहिलं असेल, जे त्याला पाहता आलं नाही, तर ते त्याला सांगा.