पुलापलीकडचा धडा

अमेरिकेतली डोरिन वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवायची. तिचा परवाना एकाच राज्याचा, आणि पक्षाघाताने वाचा गेलेला वेंडेल राहायचा नदीपलीकडच्या राज्यात. शिकवणी व्हिडिओवर असली तरी पेशंट डोरिनच्याच राज्यात बसलेला हवा, असा कायदा. म्हणून दर गुरुवारी त्याची बायको ओपल त्याला पिकअप गाडीत बसवून पुलाच्या अलीकडे आणायची आणि गाडी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये लावायची; तिथेच धडा व्हायचा.

"नदी ओलांडली की याची जीभ बदलते का गं, पोरी?" ती फणकारायची.

डोरिनने धड्याआधी "आत्ता कुठे आहात?" हे विचारणंसुद्धा नियमातच होतं. वेंडेलचे ओठ नुसते थरथरायचे. उत्तर ओपलच द्यायची.

अखेर एकमेकांचे परवाने चालवून घ्यायचा करार दोन्ही राज्यांनी केला. त्या गुरुवारी पडद्यावर स्टिअरिंगऐवजी स्वयंपाकघर दिसलं. टेबलावर मक्याचा पाव वाफाळत होता.

"आत्ता कुठे आहात?" डोरिनने विचारलं.

ओपल बोलणार, तोच वेंडेलने तिच्या हातावर हात ठेवला. बराच वेळ तो शब्द चाचपडत राहिला.

"घ... घरी."

नियमाला राज्याचं नाव हवं होतं. डोरिनने पुन्हा विचारलं नाही.