चौथ्या मजल्यावरचे दार

पाचव्या दिवशी दुपारी, न हलता बसण्याच्या तासात, त्याचे लक्ष उजव्या खांद्यावरून उतरत उतरत बोटांपाशी आले आणि तिथे अडखळले.

शिबिराची रीत सांगायला सोपी होती. टाळूपासून तळपायापर्यंत लक्ष सावकाश फिरवायचे. जिथे जे जाणवेल ते जाणायचे. ओढून घ्यायचे नाही, ढकलूनही द्यायचे नाही. जे उठते ते मावळते, एवढे फक्त पाहत राहायचे. घंटा होईपर्यंत हात, पाय, डोळे जिथल्या तिथे. पंचेचाळीस चटया, पंचेचाळीस पाठी आणि काचेवर डोके आपटणारी एक माशी. नियम तेवढा तिला कुणी सांगितला नव्हता.

त्याच्या अंगठ्याला एक स्क्रू आठवत होता. लिफ्टच्या मशीनरूममधल्या पॅनलचे झाकण, त्याचा खालचा डावा स्क्रू, शेवटच्या पिळाला बसणारा हलका चटका. तळहाताला त्यानंतरचे कापड आठवत होते. पण झाकणाच्या आधी तर्जनीच्या पेरावर आणखी एक खूण उमटायला हवी होती. जंपरच्या चिमट्याची स्प्रिंग इतकी कडक असते की तो सोडवताना बोटावर दात उमटतात. ती खूण बोटात नव्हती. हाताने झाकण लावल्याचे सांगितले, हात पुसल्याचे सांगितले. मधल्या गोष्टीबद्दल हात गप्प होता.

जंपर म्हणजे दोन्ही टोकांना चिमटे असलेली हातभर वायर. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक संपर्क असतो. सगळी दारे नीट लागली तरच वीज पुढे जाते आणि लिफ्ट हलते. एखादे दार खोड्या करत असेल तर ते शोधण्यासाठी कारागीर पॅनलमध्ये जंपर लावून सगळ्या दारांना वळसा घालतो. लिफ्ट चालते, दोष सापडतो, दुरुस्ती होते, आणि जंपर काढायचा असतो. काढला नाही तर लिफ्ट बंद पडत नाही. उलट जास्त गुणी होते. कुठलेही दार सताड उघडे असले तरी निमूट चालत राहते.

हा विसर कुणाला पडू नये म्हणून त्यानेच एक युक्ती काढली होती. जंपरला आपल्या घराची किल्ली बांधायची. वायर पॅनलमध्ये राहिली तर किल्लीही राहील, आणि मग विसरलेला माणूस स्वतःच्याच दारात उभा राहील. वीस वर्षांत त्याने हे प्रत्येक नवख्याला शिकवले. कंपनीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. तो किल्लीमास्तर होता. दुसऱ्याच्या हातून काही राहिले की तो सगळ्यांसमोर विचारी, "किल्ली कुठं होती? बायकोकडे?" आणि सगळे हसत.

त्या दिवशी, शिबिराला येण्याआधीच्या शेवटच्या दुरुस्तीच्या वेळी, त्याची किल्ली खरोखरच बायकोकडे होती. दहा दिवस घरी जायचेच नव्हते. सकाळी निघतानाच त्याने ती तिच्या हातात ठेवली होती. तिनेच त्याला इथे पाठवले होते. घरात असून तुम्ही घरात नसता, ती म्हणाली होती. आणि हेही म्हणाली होती की तुमचा हा उत्साह म्हणजे तेरड्याचा रंग, तीन दिवस टिकला तरी पुष्कळ.

आणि चौथ्या मजल्यावरचे ते दार. त्याचा संपर्क त्याने बदलला होता, पण दार अडकवून ठेवणाऱ्या खिटीची स्प्रिंगही झिजलेली होती. नवी आठवड्याने मिळणार होती. तोवर त्याने जुनीच ताणून बसवली, कारण खिटी सुटलीच तर लिफ्ट थांबेल, लोक शिव्या घालतील, एवढेच. मात्र जंपर आत असेल, तर खिटी सुटल्यावर लिफ्ट थांबणार नाही. ती निघून जाईल, आणि चौथ्या मजल्यावरचे दार नुसते ओढले तरी उघडेल. पलीकडे चार मजले खोल पोकळी. त्या मजल्यावर चित्रकलेचा वर्ग होता. रोज चारला मुले यायची. पुठ्ठ्याच्या वह्या छातीशी धरलेली, एकमेकांना ढकलणारी, दार ओढताना आत न पाहणारी मुले.

त्याने ते दार पाहिले, ती मुले पाहिली. विचार आहे, त्याने स्वतःला सांगितले. विचार उठतात आणि मावळतात. पहिल्या दिवशीच सूचना मिळाली होती की मन पळवाटा काढील, आजारी आई दाखवील, उघडा राहिलेला गॅस दाखवील. तुम्ही हलू नका. तो हलला नाही. पाठ ताठ, श्वास लांब. शेजारच्या माणसाला वाटले असते की हा किती खोल गेला आहे.

आणि तो खरोखरच खोल गेला, पण उतरला होता लपायला. हे त्याला दिसले तेव्हा लपायची जागा उरली नाही. पाच दिवस त्याने धार लावलेले लक्ष आता त्याच्याकडेच वळले, आणि लक्षाला भीड नसते. त्याला दिसले की तर्जनीची ही जागा आज पहिल्यांदा आलेली नाही. दुसऱ्या दिवशी तिथे खाज उठली होती; तो मनगटावरून थेट दुसऱ्या हाताकडे गेला होता. तिसऱ्या दिवशीही. काल त्याने उजवा हात सोडूनच दिला होता, आणि संध्याकाळी आपली प्रगती चांगली चालली आहे असे त्याला वाटले होते. ताकाला जाऊन भांडे लपवणारा माणूस तो दुसऱ्यांत नेहमी ओळखत असे. इथे तर त्याने चार दिवस डोळे मिटून भांडे लपवले होते.

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला त्याने डोळे उघडले. तीनला दोन मिनिटे कमी. हे कळल्यानंतर तो वीस मिनिटे बसून राहिला होता.

तो उठला. बधिर पायांनी चटई फरफटली. दोन-तीन पापण्या हलल्या.

शिबिर चालवणाऱ्या बाई त्याच्यामागोमाग व्हरांड्यात आल्या. आयुष्यभर परिचारिकेचे काम करून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, चष्म्याआडून रोख पाहणाऱ्या. ओठांवर बोट न ठेवताच त्यांनी आवाज खाली घेतला.

"पाचव्या दिवशी सगळ्यांच्याच घराला आग लागते," त्या म्हणाल्या. "बसा परत. विझते."

त्याने सांगितले. सांगताना वाक्ये तुटत होती. पाच दिवसांत जीभ जड झाली होती. बाईंनी मध्ये तोंड घातले नाही. तो थांबल्यावर त्यांनी एवढेच विचारले की हे खरे आहे, की असेल असे वाटते आहे.

"माहीत नाही," तो म्हणाला. "काढली असेलही. पण काढल्याचं आठवत नाही."

"मग इथं काय करताय? स्वयंपाकघरात फोन आहे."

त्याचा स्वतःचा फोन पहिल्याच दिवशी कपाटात गेला होता, आणि कपाट उघडणारा व्यवस्थापक बाजारात गेला होता. भिंतीवरच्या जुन्या फोनसमोर उभा राहिल्यावर त्याच्या लक्षात आले की आपल्याला बायकोचाही नंबर पाठ नाही. पाठ होता एकच. शेकडो लिफ्टमध्ये आपल्या हाताने जी पट्टी त्याने ठोकली होती, तिच्यावरचा: अडकल्यास या क्रमांकावर संपर्क साधा.

आधी यंत्राचा आवाज आला की हे संभाषण नोंदवले जात आहे. मग तक्रारी घेणारी मुलगी आली. तिने आवाज लगेच ओळखला. "किल्लीमास्तर? तुम्ही मौनात होता ना? एवढ्यात सुटलात?"

तिला सांगितले असते तर तिने त्याच क्षणी इमारतीच्या वॉचमनला फोन करून लिफ्टची मुख्य कळ पाडायला लावली असती. दोन मिनिटांचे काम. पण कारण नोंदवावे लागले असते. त्याच्या तोंडाने दुसरेच मागितले. मेहुण्याला जोडून दे, घरचे काम आहे.

मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. कामाचा नियम असा की एकाने दुरुस्ती करायची, दुसऱ्याने वर चढून तपासायची, मग दोघांच्या सह्या. त्या दिवशीच्या कागदावर दुसरी सही मेहुण्याची होती.

मेहुण्याने ऐकून घेतले. मग त्याने भराभर हिशेब मांडला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. निघाला तर चाळीस मिनिटे. आता तीन वाजून सात. म्हणजे चारच्या आत पोचतो. वर जातो, वायर असली तर काढतो, झाकण लावतो, विषय संपला. पाच दिवस काही झाले नाही, आणखी पाऊण तासात काय होणार आहे.

"तुम्ही ऑफिसात एक अक्षर बोलू नका, भावजी," तो म्हणाला. "माझी सही आहे त्यावर. ताईला काय तोंड दाखवू? जा, डोळे मिटून बसा. मी आहे."

त्याने फोन ठेवला आणि त्याला बरे वाटले.

त्या बरे वाटण्याकडे त्याने पाहिले. मुद्दाम पाहिले असेही नाही. पाच दिवसांच्या सवयीने लक्ष आपोआप तिकडे गेले. छातीच्या मधोमध काहीतरी उबदार पसरत होते, खांदे उतरत होते, जबडा सैल होत होता. मुलांबद्दलची काळजी मिटली की माणसाला असेच वाटेल, असे तो म्हणू शकला असता. पण मुलांचे काहीच मिटलेले नव्हते. चौथ्या मजल्यावरचे दार मघाशी होते तसेच होते. मिटले होते ते फक्त त्याचे नाव. ही ऊब त्याच्या नावाची होती. हॉलमध्ये लपला होता तो याच उबेत, आणि वीस वर्षे नवख्यांच्या डोळ्यांत पाहून ज्याने किल्ली कुठे होती असे विचारले होते तोही हिच्याच आधाराने उभा होता. काळजी घेणारा म्हणून तो ओळखला जात होता. आत खोलवर काळजी एकाच गोष्टीची होती.

त्याला वाटले होते की स्वतःचे खरे रूप दिसेल तेव्हा आत एखादा स्वच्छ, शांत तळ दिसेल. दिसला तो एक भित्रा माणूस, आणि त्या माणसाकडे न दचकता बघणारी एक जागा. त्या जागेला नाव नव्हते. म्हणूनच कदाचित तिला नाव जाण्याची भीतीही नव्हती.

ऊब अजून होती. ती मावळायची वाट न पाहता त्याने पुन्हा तोच क्रमांक फिरवला.

"लिही," तो मुलीला म्हणाला. "चित्रकलेच्या वर्गाची इमारत. लिफ्टची मेन कळ पाडायला सांग, आत्ता. पॅनलमध्ये जंपर राहिला असावा. मी लावला होता, मी काढला नाही. चौथ्या मजल्याच्या दाराजवळ कुणाला जाऊ देऊ नका."

मुलगी हसली नाही. तिने एकदाच विचारले की मास्तर, हे असेच लिहू का. तो म्हणाला, असेच.

तिने त्याला लाइनवर थांबवले आणि दुसऱ्या फोनवर बोलू लागली. तिचा आवाज लांबून येत होता. वॉचमन फोन उचलत नव्हता. तिने पुन्हा लावला. ओट्यापाशी बाई भाजीच्या टोपलीकडे पाठ करून उभ्या होत्या. तीन वाजून सोळा. फोनची दोरी त्याने मुठीत इतकी आवळली होती की बोटे पांढरी पडली. तीन वाजून एकोणीस. वॉचमन गच्चीवर पाण्याची टाकी पाहायला गेला होता, हे त्याला मागून कळले. त्या वेळी त्याला फक्त वाजत राहणारी रिंग ऐकू येत होती, आणि प्रत्येक दोन रिंगांमध्ये एक दार.

तीन वाजून चोवीस मिनिटांनी मुलगी परत आली. कळ पाडली होती. लिफ्ट रिकामी, तळमजल्यावर. वॉचमन चौथ्यावर जाऊन आला होता.

"दार नुसतं ओढलं तर उघडलं म्हणाला," ती सावकाश म्हणाली. "दाराला दोरी बांधलीय आणि जिन्यापाशी बसलाय. सकाळी वर्गातल्या बाईंनी दार सैल लागतं म्हणून सांगितलं होतं त्याला. लिफ्ट चालू होती, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही."

तो भिंतीला टेकला. कुणाला काही झाले का, हे त्याने दोनदा विचारले, आणि तिने दोनदा नाही म्हणून सांगितले. मग ती म्हणाली की साहेबांना बोलायचे आहे.

साहेब ओरडणारे नव्हते. ते हळू बोलत आणि समोरचा त्यामुळेच अधिक घाबरे. त्यांच्यासमोर कागद होता. त्यांना एकच गोष्ट समजत नव्हती. दोन सह्या होत्या. दुसऱ्या माणसाने वर जाऊन तपासले असते तर वायर दिसली असती. तो वर गेला होता की नाही?

इथे एक सोपे उत्तर होते, आणि ते पूर्ण खोटेही ठरले नसते. मला माहीत नाही, त्याला विचारा. मेहुणा स्वतःला वाचवण्यासाठी गेलो होतो म्हणाला असता, किंवा भावजींना वाचवण्यासाठी गप्प बसला असता. घशाशी ते उत्तर तयार होऊन आले होते. त्याने ते येताना पाहिले.

"नाही गेला," तो म्हणाला. "तो जिना चढत होता, मी वरून हाक मारून परत पाठवला. मला इथे यायची बस गाठायची होती. कागद मी खाली नेला आणि मोटरसायकलच्या सीटवर त्याची सही घेतली. तो म्हणाला होता, एकदा बघून येतो. मी म्हटलं, मी केलेलं काम बघायचं कशाला?"

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. परवाना तूर्त जमा करावा लागेल, साहेब म्हणाले. मेहुण्याचे काय करायचे ते नंतर पाहू. आज संध्याकाळपर्यंत लेखी हवे.

त्याने फोन ठेवला. लगेच तो वाजू लागला. मेहुणा असणार, ऑफिसातून फोन करून त्याला वाटेतच सगळे सांगितले असणार. बाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्याने फोन उचलला आणि मेहुणा जे बोलला ते सगळे ऐकून घेतले, शेवटच्या शिवीपर्यंत. ताईला आता तूच सांग, असे म्हणून मेहुण्याने फोन आपटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने भावजींना अरे-तुरे केले होते.

बस रस्त्यावरून सव्वाचारला जाते, बाई म्हणाल्या. चालत पंचवीस मिनिटे लागतील. शिबिर अर्धवट सोडल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की रस्त्याला सावली नाही, टोपी असेल तर घाला.

टोपी नव्हती. हॉलमधून माणसे बाहेर पडत होती, नजरा जमिनीवर, प्रत्येकजण आपापल्या पावलांपुरता. त्यांच्यातून वाट काढत तो खोलीकडे गेला, पिशवी भरली आणि फाटकाबाहेर पडला. तीन वाजून एकेचाळीस. छातीतली ऊब केव्हाच गेली होती, आणि तिच्या जागी जे होते ते मुळीच सुखाचे नव्हते. चालता चालता तो घरी सांगायचे पहिले वाक्य जुळवू लागला. ते तीनदा बदलले, कारण तिन्ही वेळा त्यात मेहुणा आधी येत होता आणि तो स्वतः नंतर.