डोळे उघडणारा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. मला तीन केस आहेत. पूर्वी अकरा होते, पण तेव्हाही मला कोणी भरगच्च म्हणत नव्हतं.

खारीच्या शेपटीच्या केसांपासून मला घडवलं आणि एका फोटो स्टुडिओतल्या रिटचरच्या हाती दिलं. त्या काळी माणसं एका फोटोसाठी नवे कपडे घालून, श्वास रोखून बसत आणि नेमक्या क्षणी डोळे मिटत. मग रिटचर मला रंगात बुडवून त्या पापण्यांवर उघडे डोळे काढायचा. "डोळे कसे आहेत?" असं त्याने फोटो न्यायला आलेल्या घरच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "चांगले आहेत." एकाने बराच विचार करून सांगितलं, "दोन आहेत."

एवढ्यावर डोळे निघत नाहीत. म्हणून तो काम घरी आणायचा. बायको समोर बटणं शिवत बसलेली असे. "जरा वर बघ," तो म्हणायचा. ती बघायची आणि मी तिचे डोळे काढायचो. दुकानदार, हेडमास्तर, एक पैलवान, सगळे तिच्या डोळ्यांनी बघू लागले. स्टुडिओचं नाव झालं. बायका म्हणत, "आमचे हे फोटोत किती प्रेमळ दिसतात." घरी तसे नसत.

तिचा स्वतःचा एकच फोटो होता आणि त्यात तिनेही डोळे मिटले होते. "तुझं घरचंच काम, करू सावकाश," तो म्हणायचा. मग ती तापाने गेली. मुलगी चार वर्षांची होती. त्याने बायकोचा तो फोटो पुढे घेतला, मला रंगात बुडवलं आणि सवयीने म्हणाला, "जरा वर बघ." रंग माझ्या केसांतच वाळला. त्यानंतर त्याने कोणाचेच डोळे काढले नाहीत.

पुढची साठेक वर्षं मी एका डब्यात काढली. शेजारी गुडघ्याचा पट्टा होता. फार बोलका नव्हता.

परवा रिटचरच्या नातीने तो डबा उघडला. ती वंशावळ लिहायला बसली आहे. तिच्या म्हाताऱ्या आईच्या, म्हणजे रिटचरच्या त्याच मुलीच्या, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा व्यवसाय लिहिलेला होता.

"आई, रिटचर म्हणजे गं?"

"फोटो नीट करायचे बाबा."

"ते तर मी फोनवर करते. दिवसभर काय करायचे मग?"

"कोण जाणे. आईचं नाव काढलं की उठून जायचे. कोण विचारणार?"

नातीने मला घेऊन कीबोर्डमधला चुरा काढला. मी तोही काढला. मग तिला आजीचा तो मिटल्या डोळ्यांचा फोटो सापडला.

"तुला आजीचे डोळे आठवतात?"

"नाही गं. एकदा बघायला मिळाले असते, तर बरं झालं असतं."

नातीने फोनवर चार सेकंदांत डोळे उघडले आणि मोठ्या आशेने फोन आईपुढे धरला. आईने चष्मा लावला. फोन जवळ घेतला, लांब नेला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही मला ओळखत नाही."

नातीने फोन पालथा ठेवला. विषय बदलावा म्हणून भिंतीवरच्या एका जुन्या फोटोकडे बोट दाखवलं. "तुझ्या मोठ्या काकांचा थाट बघ. मिशा एवढ्या आणि डोळे असे, की आत्ता उचलून कडेवर घेतील."

"हसू नकोस. लहानपणी मार बसला की मी त्या फोटोपुढे जाऊन उभी राहायचे," आई म्हणाली. "माणूस तसा खाष्ट होता, पण फोटोपुढे बरं वाटायचं. का, ते देवाला ठाऊक."

मलाही ठाऊक आहे, मित्रांनो. फोटो काढताना काकांनी डोळे मिटले होते.

नातीने वहीत लिहिलं, "रिटचर: फोटो नीट करणारा," आणि पान उलटलं. तुम्ही तेवढ्यावर पान उलटू नका. घरातल्या माणसाने काय काम केलं, कसं केलं, कोणाकडे बघून केलं, हे ते माणूस असेपर्यंत विचारून घ्या.

म्हातारी अजून भिंतीकडे बघत बसली आहे. मी तिच्यापासून हातभर अंतरावर पडलो आहे आणि मला तिला सांगता येत नाही.